नवें कर्ज मागण्यापूर्वीं

आपल्या मराठींत ‘पत’ आणि ‘ऐपत’ असे दोन शब्द आहेत, आणि बोलण्याच्या ओघांत आपण त्यांची सहज अदलाबदल करितों. वस्तुतः दोहोंत मोठें अंतर आहे. ऐपत म्हणजे आपल्या पेटींत काय आहे तें. पत म्हणजे आपल्या पेटीविषयीं दुसऱ्यास काय वाटतें तें. पेटी भरलेली असून बाजारांत पत नसलेले गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. आणि पेटी जवळजवळ रिकामी असतां, केवळ शब्दास जागण्याच्या लौकिकावर मुलींचीं लग्नें यथासांग पार पाडणारेही पाहिले आहेत. आमच्या लहानपणीं ही पत वाण्याच्या वहींत, सोनाराच्या बोलण्यांत आणि शेजाऱ्यांच्या नजरेंत राहत असे. ‘मास्तरांच्या घरचें ना? मग घेऊन जा,’ या एका वाक्यांत तिचा सर्व हिशेब येई. आतां ती पत तीनशें ते नऊशें यांमधील एका संख्येंत बसविण्यांत आली आहे, आणि त्या संख्येस आबालवृद्ध ‘सिबिल’ या नांवानें ओळखूं लागले आहेत.

आम्हीं मुलांस चाळीस वर्षें संस्कृत आणि प्रसंगीं गणित शिकविलें. पेढीचा व्यवहार हा आमचा विषय नव्हे. तरी या विषयावर लेखणी उचलण्याचें कारण घरगुती आहे, आणि त्यांत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. ती चूक शहाणपणाच्या भरांत झाली, म्हणून ती सांगणें अधिकच जरूर वाटतें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. पेठेंतील जुना वाडा पडून तेथें नवी इमारत उभी राहिली, तेव्हां आमच्या वांट्यास एकाच मजल्यावरील दोन सदनिका आल्या. अकरा माणसांस त्या अपुऱ्या पडूं लागल्या होत्या. अशांत त्याच मजल्यावरील तिसऱ्या सदनिकेचे मालक मुलाकडे परगांवीं राहावयास निघाले व त्यांनीं आपली जागा प्रथम आम्हांस विचारली. ती न घेतां आली तर थोरल्या पुतण्यास बिऱ्हाड घेऊन कोठें तरी कोथरूडच्या पलीकडे जाणें भाग होतें. तसें होणें म्हणजे आमच्या वहिनींच्या दृष्टीनें घर मोडणेंच. इसार दिला, इसारपावती झाली, आणि पन्नास लाखांचें गृहकर्ज काढण्याचें ठरलें. मुदत तीन महिन्यांची.

पुतण्याची नोकरी चांगली, पगार नियमित, आजवर एकही हप्ता चुकलेला नाहीं. क्रेडिट कार्डाचें बिल तो दरमहा शेवटच्या तारखेच्या आंत पूर्ण भरतो. त्याचीं कार्डें तीन होतीं. पहिलें बारा वर्षांपूर्वींचें, मर्यादा रुपये २,००,०००. दुसरें घरच्या रोजच्या वापराचें, मर्यादा १,५०,०००. तिसरें कोणा दुकानदाराच्या आग्रहानें घेतलेलें, मर्यादा ५०,०००. पहिलें व तिसरें कपाटांत पडून होतीं. कर्जाचा अर्ज करण्यापूर्वीं त्यानें आम्हांस विचारलें, “काका, बँकेपुढें जातांना काय काय नीट करून ठेवावें?” आम्हीं चष्मा कपाळावर चढवून सांगितलें, “अरे, जीं दोन कार्डें तूं वापरीत नाहींस तीं आधीं बंद कर. कर्ज मागावयास जाणाऱ्यानें अंगावर उधारीचीं साधनें कमींत कमी दाखवावीं.” लहानपणापासून घोकलेलें जें सुभाषित सांगतें कीं ऋण, अग्नि आणि शत्रु यांचा शेष ठेवूं नये, त्याचाच आम्हीं येथें विनियोग केला. तो ज्या प्रकारच्या ऋणास लागू आहे त्या प्रकारचें ऋण तेथें मुळीं नव्हतेंच, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

कार्ड बंद करण्याची विनंति आल्यावर, बाकी नसल्यास, बँकेनें कामाच्या सात दिवसांत तें बंद केलें पाहिजे, नाहीं तर दर दिवसास रुपये ५०० भुर्दंड ग्राहकास द्यावा, असा नियम रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं केला. आमच्या प्रकरणीं बँकांनीं तें काम पांचच दिवसांत उरकलें. इतकी तत्परता आम्हांस त्या कचेऱ्यांत पूर्वीं कधीं अनुभवास आली नव्हती.

त्याच महिन्यांत धाकट्या पुतणीचें लग्न होतें. मंगल कार्यालयाची उरलेली रक्कम, आहेराचीं वस्त्रें, पाहुण्यांचीं रेल्वेचीं तिकिटें हें सर्व त्या एका कार्डावर गेलें. बिल तयार झालें तें १,४०,००० रुपयांचें. पैसे बाजूस काढून ठेविलेलेच होते व शेवटच्या तारखेस ते भरले गेले. इकडे एका मध्यस्थानें दहा दिवसांत चार ठिकाणीं कर्जाचे अर्ज टाकले. एकीनें अर्ज नाकारिला, दुसरीनें रक्कम चाळीस लाखांवर आणिली, तिसरीनें दर पाव टक्क्यानें वाढवून सांगितला, चौथीनें उत्तरच दिलें नाहीं. सिबिलचा आंकडा दोन महिन्यांपूर्वीं ७७८ होता तो ७२४ वर आला होता.

पाव टक्का ऐकावयास क्षुल्लक वाटतो, म्हणून आम्हीं कागद घेऊन हिशेब केला. पन्नास लाख रुपये, वीस वर्षें. दर साडेआठ असल्यास महिन्याचा हप्ता सुमारें ४३,३९१ रुपये; पावणेनऊ असल्यास ४४,१८६. फरक ७९५ रुपयांचा. दोनशें चाळीस हप्त्यांचा मिळून रुपये १,९०,८००. पुढें दर खालीं-वर होतील हें खरें, पण असल्या कर्जांत प्रारंभीं धरलेला पाव टक्का बहुधा शेवटपर्यंत मानेवर बसून राहतो.

मग चूक कोठें झाली? पुतण्यानें आपला पत-अहवाल मागवून आणिला आणि आम्ही दोघे रात्रीं तो घेऊन बसलों. त्यांत बाकी चुकविल्याचा एकही डाग नव्हता. महिन्यामागून महिना स्वच्छ होता. परंतु एकूण मर्यादा १,५०,००० आणि त्यावर बाकी १,४०,००० अशी नोंद होती. वाचकांपैकीं ज्यांस त्रैराशिक आठवत असेल त्यांनीं करून पाहावें. हें प्रमाण शेंकडा त्र्याण्णव पडतें. हींच तिन्ही कार्डें चालू असतीं तर एकूण मर्यादा चार लाख झाली असती, आणि तोच लग्नाचा खर्च शेंकडा पस्तीस दिसला असता. खर्च तोच, माणूस तोच, फेडही तीच. आम्हीं छेद लहान केला आणि अपूर्णांक फुगला. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर ज्या चुकीस तांबडी रेघ मारली ती आम्हीं स्वतः केली.

मर्यादेचा किती भाग वापरांत आहे हें प्रमाण पत मोजणाऱ्या कंपन्या फार बारकाईनें पाहतात. त्यांचें नेमकें सूत्र त्या बाहेर सांगत नाहींत. पण फेडीची नियमितता, मर्यादेचा वापर, खात्यांचें वय आणि अलीकडे केलेले अर्ज या गोष्टी त्यांत धरिल्या जातात हें त्या स्वतःच सांगतात. वापर शेंकडा तिसांच्या आंत असावा असा संकेत सर्वत्र रूढ आहे. तो कांहीं वेदवाक्य नव्हे. एकतीस झाले म्हणून आकाश कोसळत नाहीं आणि एकोणतीसांवर कोणी हारतुरे घालीत नाहीं. पण नव्वदीच्या घरांत गेलेला मनुष्य ऋणको या नात्यानें अडचणींत आहे असें परक्यास वाटतें, आणि त्याचा तो तर्क अगदींच वावगा म्हणतां येत नाहीं.

‘पण बिल तर पूर्ण भरलें होतें!’ हा पुतण्याचा आक्षेप आमच्याही मनांत होता. त्याचें उत्तर तारखांत आहे. कार्डाच्या बाबतींत दोन तारखा असतात: एक बिल तयार होण्याची, दुसरी तें भरण्याची शेवटची, दोहोंमध्यें साधारण पंधरा-वीस दिवस जातात. आपण सर्व लक्ष दुसऱ्या तारखेवर ठेवितों, कारण ती चुकली तर दंड बसतो. परंतु बँक पत-कंपनीस जो आंकडा कळविते तो कळविण्याच्या वेळीं खात्यावर असलेला. आणि तो बहुधा बिलांतील बाकीचाच असतो. चार दिवसांनीं आपण तो शून्यावर आणिला तरी पुढची नोंद होईपर्यंत जगास जुनाच आंकडा दिसतो. पूर्वीं ही नोंद महिन्यास एकदां होई. २०२५ च्या जानेवारीपासून ती निदान पंधरवड्यास एकदां व्हावी असें रिझर्व्ह बँकेनें ठरविलें. तेव्हां ज्यास नवें कर्ज मागावयाचें आहे त्यानें शेवटच्या तारखेची वाट न पाहतां, बिल तयार होण्यापूर्वींच तीन-चार दिवस बहुतेक बाकी भरून टाकावी. जास्त पैसा लागत नाहीं. तोच पैसा थोडा आधीं जातो, इतकेंच.

येथें एकत्र कुटुंबांतील वाचकांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे, कारण खरें मूळ तेथेंच सांपडलें. त्या दीड लाखाच्या कार्डावर एकट्या पुतण्याचा खर्च नव्हताच. त्यावर वहिनींचें व धाकट्या सुनेचें अशीं दोन पुरवणी कार्डें होतीं. किराणा, विजेचें बिल, आमचीं रक्तदाबाचीं औषधें, नातवंडांची शाळेची फी, सर्व त्यावरच. कारण ‘एकाच कार्डावर गुण जमा होतात’. शिवाय धाकट्यानें बारा हप्त्यांवर घेतलेला फोन होता. हप्ता महिन्यास थोडासाच जाई, पण फोनची सबंध किंमत मर्यादेंतून प्रथम अडकून बसली होती व हप्त्याहप्त्यानें सुटत होती. आमच्या घरीं एका चुलीवर अकरा माणसांचें शिजतें यांत आम्हांस भूषण वाटतें, व तें रास्त आहे. पण पत-कंपनीच्या दप्तरीं ‘कुटुंब’ अशी कांहीं वस्तु नाहीं. पुरवणी कार्डाची जबाबदारी नियमानेंही मुख्य कार्डधारकाचीच असते. अकरा जणांचा खर्च त्या दप्तरांत एकाच्या नांवावर दिसतो, आणि तो एक जण उधळ्या ठरतो. घरांतल्या सर्वांत जबाबदार मुलाच्याच नांवावर हें ओझें पडतें, हा यांतला दुःखद भाग.

वहिनींस हें कळलें तेव्हां त्या एकदम म्हणाल्या, “म्हणजे माझ्या औषधपाण्यानें आणि लग्नाच्या साड्यांनीं त्याचें घर अडलें होय?” असें नव्हे हें त्यांस पटवून देण्यास आम्हांस दोन दिवस लागले. खरा दोष कपाटांतलीं दोन कार्डें बंद करविणाऱ्याचा होता, आणि तो गृहस्थ समोर बसून चहा घेत होता.

पुढें काय केलें तें थोडक्यांत सांगतों. मध्यस्थास प्रथम थांबविलें. प्रत्येक अर्जाबरोबर कर्ज देणारी संस्था आपला अहवाल मागविते व ती मागणी अहवालांत नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा चार नोंदी दिसल्या कीं हा मनुष्य दारोदार फिरतो आहे असें वाटूं लागतें. आपण स्वतः आपला अहवाल पाहण्यानें मात्र आंकडा घसरत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आणि पाहण्यास पैसेही लागत नाहींत. २००० सालीं सिबिल स्थापन झाली, २००५ सालीं या धंद्याचा कायदा झाला. हल्लीं अशा चार कंपन्या देशांत आहेत, आणि २०१७ सालापासून प्रत्येकीनें वर्षांतून एकदां सबंध अहवाल विनामूल्य द्यावा असें बंधन त्यांवर घातलें गेलें. तो मागवून प्रथम काय पाहावें? प्रत्येक कार्डाची मर्यादा बरोबर नोंदली आहे कीं नाहीं; फेडलेलें कर्ज ‘फेडलें’ म्हणून आहे कीं नाहीं; आणि आपलें नसलेलें एखादें खातें आपल्या गळ्यांत तर नाहीं ना. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसाबद्दल रुपये १०० भरपाई देण्याचा नियम २०२३ सालीं झाला.

दुसरें, घरखर्च त्या कार्डावरून उतरविला. किराणा व औषधें आमच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यांतून, शाळेची फी धाकट्याच्या खात्यांतून, फोनचे उरलेले हप्ते एकदम भरून मोकळे. पुढचें बिल १८,००० रुपयांचें आलें, म्हणजे शेंकडा बारा. त्यापुढचें त्याहूनही कमी. कार्ड अजिबात वापरूं नये असें आम्ही म्हणत होतों. पुतण्यानें या वेळीं आमचें ऐकलें नाहीं, व तेंच बरें झालें. थोडें वापरून वेळेवर फेडणाऱ्याची वागणूक दिसते. मुळींच न वापरणाऱ्याची काय दिसणार?

तिसरा प्रश्न मर्यादा वाढवून घेण्याचा. बँक स्वतःच दीडाचे तीन लाख करावयास तयार होती. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवांचून मर्यादा वाढवितां येत नाहीं, म्हणून विचारणा आली होती. गणिताच्या दृष्टीनें छेद मोठा झाला तर अपूर्णांक लहान होणार, हें खरें. आमचे थोरले बंधू मात्र म्हणाले, “भांडें मोठें आणलें कीं भात जास्त शिजतो.” दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्याचा खर्च मर्यादा पाहून वाढत नाहीं त्यानें कर्जाच्या बऱ्याच आधीं, चार-सहा महिने तरी, वाढ घेण्यास हरकत नसावी. ऐन तोंडावर मात्र नको, कारण वाढ देतांना कांहीं बँका पुन्हा अहवाल तपासतात. आम्हीं तेव्हां ती नाकारिली. बंद केलेलें जुनें कार्ड पुन्हा चालू होईल का याचीही चौकशी केली. नव्यानें अर्ज करा असें उत्तर आलें. बारा वर्षांचें जुनें खातें ही जमेची बाजू समजतात. ती बाजू आम्हीं एका संध्याकाळीं मोडीत काढली होती.

येथपर्यंत आम्हीं पूर्ण बिल भरणाऱ्यांविषयीं लिहिलें. जे ‘किमान रक्कम’ भरून स्वस्थ बसतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनीं मर्यादेचें गणित करण्यापूर्वीं व्याजाचें करावें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत त्यांत पहिलें ऋणादान. इतका हा विषय जुना. तेथें वसिष्ठानें घालून दिलेला दर म्हणून महिन्यास मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, सांगितला आहे. आणि एकाच वेळीं वसूल होणारी रक्कम दुपटीहून अधिक असूं नये असेंही आहे. हाच दामदुपटीचा नियम. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंही तो मानीत. आजच्या कार्डावरील थकलेल्या बाकीस महिन्यास शेंकडा तीन ते पावणेचारपर्यंत व्याज पडतें, आणि एकदां बाकी राहिली कीं नव्या खरेदीवरील बिनव्याजी दिवसही जातात. ज्या सावकारास आपण कथा-कादंबऱ्यांतून इतके बोल लाविले तो बिचारा या दरापुढें लाजला असता. अशी बाकी ज्याच्या अंगावर आहे त्यानें नव्या कर्जाचा विचार दूर ठेवून प्रथम ती निवारावी. प्रमाण मग आपोआपच उतरतें.

पुतण्याचा आंकडा पहिल्या महिन्यांत ७४१, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ७६२ झाला. वापराचें प्रमाण उतरलें कीं सुधारणा लवकर दिसते. हप्ता चुकल्याचा डाग असता तर इतक्या लवकर सुटका नव्हती. मग एकाच बँकेकडे, मध्यस्थ न घेतां, अर्ज केला. मधल्या काळांत इसारपावतीची मुदत संपत आली होती. आम्ही स्वतः जागेच्या मालकांकडे गेलों व झाला प्रकार, आमच्या सल्ल्यासकट, त्यांस सांगितला. ते हंसले, म्हणाले, “मास्तर, आणखी एक महिना घ्या.” कोणतीही संख्या न पाहतां त्यांनीं ती मुदत दिली. कर्ज मंजूर झालें तें मूळच्या दरानें, रक्कम मात्र दोन लाखांनीं कमी. तीं थोरल्या बंधूंनीं आपल्या ठेवींतून घातलीं.

मंजुरीचें पत्र आलें त्याच संध्याकाळीं सूनबाईंनीं नव्या स्वयंपाकघरासाठीं शीतकपाट पसंत करून ठेविलें होतें. पत्र येणें आणि पैसे हातीं पडणें यांत तीन आठवडे होते, व त्या अवधींत बँक अहवाल पुन्हा पाहूं शकते. “काका, घेऊं का आतां?” असें त्यांनीं विचारलें. एकदां हात पोळलेले असल्यामुळें आम्हीं या वेळीं सल्ला देण्याचें टाळलें आणि पुतण्याकडे बोट दाखविलें. तो भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहत होता. तेथें आतां संकष्टीच्या खुणेशेजारीं बिल तयार होण्याची तारीख निळ्या शाईनें लिहिलेली असते. शीतकपाट पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेस आलें, रोख पैसे देऊन.